जमिनीवर शाकारलेलं छप्पर

घराभोवतीचं लॉन मी पहिल्यांदा दंताळलं ते एप्रिलमध्ये, आणि मे महिन्यात ते सगळं पुन्हा पेरलं. ही या पुस्तकाची खरी सुरुवात आहे, म्हणून प्रस्तावनेतच सांगून टाकतो.

ओहायोच्या मध्यभागात अडीच एकरांवर आमचं घर आहे. घर घेतलं तेव्हा गवतासकट घेतलं, आणि गवत कापायला एक छोटा ट्रॅक्टरही घेतला. चौथ्या-पाचव्या वर्षी लॉन पायाखाली गादीसारखं दबायला लागलं. पाऊस पडला की पाणी मुरायच्या आधी उताराने निघून जायचं. कुणीतरी सांगितलं, खाली ‘थॅच’ साचलंय, ते ओढून काढायला हवं. मी खटाव तालुक्यातला. वडिलांनी आयुष्यभर कुळव धरला, आणि कुळव चांगला लागला की नाही हे आमच्याकडे एकाच गोष्टीवर ठरायचं: पास, म्हणजे कुळवाचं पातं, किती खाली गेली. तेच डोक्यात. रस्त्याची खडी सारखी करायला वापरतात ते जाड दातांचं अवजार एकाकडून मागून आणलं, दात जास्तीत जास्त टोचतील असा कोन दिला, वर सिमेंटचे दोन ठोकळे ठेवले आणि दिवसभर ट्रॅक्टर फिरवला. संध्याकाळी शेजारचे म्हातारे शेतकरी कुंपणाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी शांतपणे विचारलं, “काय पेरणार आहात?”

वडिलांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. रान उत्तम कुळवलं गेलं होतं. फक्त ते रान नव्हतं.

या पुस्तकाचा विषय आहे ट्रॅक्टरमागे जोडून लॉनमधला हा साचलेला थर ओढून काढणारं अवजार; ते वापरायचं कसं, आणि आपल्या गॅरेजमध्ये बनवायचं कसं. त्याला मराठीत नाव नाही. मी ‘दंताळं’ म्हणतो. आपल्या खळ्यावर धान्य पसरायला, काडीकचरा ओढायला लांब दांड्याचं लाकडी दंताळं असतं, ते ज्यांनी हातात धरलंय त्यांना हे अवजार लगेच उमजेल. दंताळं ओढतं. खणत नाही. कुळव, वखर, मोगडा ही अवजारं जमिनीत जायला बनवलेली आहेत. दंताळं जमिनीवरून जायला. एवढा एक फरक हाताला शिकवायला मला तीन वर्षं लागली, आणि पुस्तकाची निम्मी पानं त्यावरच खर्च झाली आहेत.

आता ‘थॅच’ म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत हा शब्द मुळात गवती छपराचा. कोकणात पावसाळ्याआधी घर शाकारतात, तेच हे शाकारणं. गवताच्या आणि मातीच्या मधोमध जो तपकिरी, तंतुमय थर साचतो त्याला हेच नाव कुणी दिलं असेल त्याला दाद द्यायला हवी, कारण तो थर नेमका छपराचंच काम करतो. वरून पडलेलं पाणी आत येऊ देत नाही. एकदा वाळला की पुन्हा भिजायलाही तयार होत नाही. त्यात गवताची जिवंत-मेलेली खोडं, जमिनीलगत आडवे पसरणारे फुटवे, गड्डे आणि मुळं अशी सगळी गुंतागुंत असते. या भागांत लिग्निन भरपूर, त्यामुळे ते कुजायला वेळ लागतो. वर नवीन तयार होण्याचा वेग खाली कुजण्याच्या वेगापेक्षा वाढला की थर चढत जातो.

इथे एक गैरसमज आधीच निकालात काढतो. कापलेलं गवत लॉनवर तसंच सोडलं की थॅच होतं, असं आमच्या गल्लीतला प्रत्येक जण म्हणतो. तसं नाही. पात्यांच्या कपच्यांत तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं. त्या काही आठवड्यांत कुजून जातात आणि जाताना नत्र मातीला परत देऊन जातात. पिशव्या भरभरून गवत उचलणारे लोक आपलंच खत कचऱ्याच्या गाडीत घालतात आणि पुढच्या महिन्यात दुकानातून नवीन आणतात.

थोडा थर असणं चांगलंच. अर्धा इंच म्हणजे साधारण सव्वा सेंटीमीटरपर्यंत तो आच्छादनाचं काम करतो, ओल धरतो, पायांचा मार झेलतो. त्याच्या वर गेला की मुळं मातीत जायचं सोडून त्या थरातच राहायला लागतात, आणि उन्हाळ्यात थर वाळला की गवतही त्याच्याबरोबर वाळतं. किडी आणि बुरश्या तिथे घर करतात. कापणी यंत्राची चाकं त्या गादीत रुततात आणि पाती गवताला बुडापर्यंत भादरतात. मग जागोजागी पिवळे चट्टे. बहुतेक लोक हे चट्टे बघून आणखी खत टाकतात.

सगळी गवतं सारखी नाहीत. टॉल फेस्क्यू आणि रायग्रास यांना हा त्रास फारसा होत नाही, कारण ती झुपक्याने वाढतात. केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून आडवी खोडं सोडत पसरतं, म्हणून त्यात थर चढतो. (नाव केंटकीचं असलं तरी हे गवत मूळचं युरोपातलं.) आणि दक्षिणेकडच्या राज्यांत या बाबतीत ज्याचा पहिला नंबर लागतो ते बर्म्युडा ग्रास म्हणजे, वाचकहो, आपली हरळी. तीच ती, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती, आणि तीच ती, जिच्या काशा वेचता वेचता आमच्या आईच्या पिढीच्या बोटांची सालं निघाली. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी हरळीचे संकर करून ‘टिफ’ने सुरू होणाऱ्या जातींची एक मालिकाच दिली, त्यातली टिफवे १९६० साली आली आणि गोल्फच्या व खेळांच्या मैदानांवर पसरली. अटलांटाचा माझा एक मित्र, विदर्भातला, दरवर्षी हरळी जगावी म्हणून पैसे खर्च करतो. त्याचे काका गावाकडे हरळी मरावी म्हणून पैसे खर्च करतात. दोघांनाही यश येत नाही.

लॉनचा हा सगळा खटाटोप कुठून आला याचं एक प्रकरण पुस्तकात आहे. इथे दोन-तीन खुणा पुरेत. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावच्या एडविन बडिंग याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना सुचली ती लोकरीच्या कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. तोवर सपाट हिरवळ ही विळेवाल्यांची किंवा मेंढरांची फौज बाळगणाऱ्या श्रीमंतांची मिजास होती. अमेरिकेत ती सर्वसामान्यांच्या दारात आली मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनमध्ये घराच्या करारातच अट असे की हंगामात आठवड्याला गवत कापलं पाहिजे. आमच्या ओहायोतल्या मेरीसव्हिलच्या स्कॉट कंपनीने लॉनसाठी खास खत त्याच्याही आधी, १९२८ साली बाजारात आणलं होतं. २००५ साली क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या माहितीवरून अंदाज बांधला, तेव्हा अमेरिकेतल्या लॉनचं एकूण क्षेत्र निघालं सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजारांच्या वर आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र, आणि त्यात एक कणीस नाही, एक शेंग नाही.

टँकरच्या रांगेत कळशी घेऊन उभा राहिलेला माणूस हा आकडा वाचून काय म्हणेल ते मला ठाऊक आहे, कारण मी तो माणूस होतो. पण घर घेतलं, गाव-पंचायतीचे नियम आले, गुडघाभर गवत वाढलं तर दारावर नोटीस चिकटते, हे सगळं पत्करलंच आहे, तर निदान पाणी आणि खत वाया जाणार नाही असं लॉन ठेवावं. दंताळ्याकडे मी त्या बाजूने बघतो.

थर चढण्यामागे बहुतेक वेळा आपलेच हात असतात. नत्र जास्त पडलं की गवत खोडं आणि फुटवे भराभर काढतं. माती आम्लधर्मी झाली, दबून घट्ट झाली, की कुजवणारे सूक्ष्मजीव मंदावतात. गांडुळं मेली की उरलंसुरलं कामही थांबतं. हुमणी आपल्याकडच्या ऊसवाल्यांना सांगायला नको. इथे लॉनखाली जपानी भुंगेऱ्याची हुमणी असते, आणि तिच्यावर एकेकाळी क्लोरडेन सर्रास टाकत. हुमणीबरोबर गांडुळंही मरत. क्लोरडेनवर १९८८ साली पूर्ण बंदी आली, पण जमिनीत कीटकनाशक ओतायची सवय अजून गेलेली नाही. म्हणून दंताळं फिरवण्याआधी खताची गोणी आणि फवारणीचं वेळापत्रक तपासा. कारण तसंच ठेवून दरवर्षी थर ओढत बसणं म्हणजे गळका नळ तसाच ठेवून रोज फरशी पुसणं.

केव्हा ओढायचं, यावर मी अगदी ठाम आहे. गवत जोमाने वाढत असेल आणि त्यानंतर महिना-दीड महिना तरी वाढीचा हंगाम उरला असेल, तेव्हाच. ओहायो, मिशिगन, इलिनॉय, न्यूजर्सी या थंड पट्ट्यात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. आपल्याकडे गणपती असतात तेव्हा, असं लक्षात ठेवा. टेक्सस-जॉर्जियाकडे हरळी किंवा झॉयशिया गवत असेल तर वसंत सरता सरता, गवत पूर्ण हिरवं झाल्यावर. थंड पट्ट्यात एप्रिलमध्येही चालतं, दुकानंही तेव्हाच ही अवजारं दर्शनी मांडतात, पण मी सुचवणार नाही. वसंतात माती उघडी पडली की क्रॅबग्रास नावाचं तण टपलेलंच असतं. मातीचं तापमान साधारण १३ अंशांवर गेलं की त्याचं बी उगवायला लागतं, आणि तुम्ही ओरखडलेली प्रत्येक रेघ त्याला वाफा वाटते. माझ्या त्या पहिल्या एप्रिलनंतर नवीन पेरलेल्या बियाण्याच्या आधी हेच उगवून आलं होतं. माती ओलसर असावी, ओली नको. चिखलात दंताळं घातलंत तर थरासोबत गवत मुळांसकट हातात येईल.

या कामाला बाजारात चार जातींची यंत्रं मिळतात, आणि दुकानदार ती एकमेकांत मिसळून सांगतात. उभ्या पात्यांचं यंत्र थर कापून मातीतही चिरा पाडतं. मैदानांची देखभाल करणाऱ्यांचं ते अवजार, घरगुती माणसाने भाड्याने आणावं. लोंबत्या पात्यांचं पॉवर रेक वरच्यावर झोडपत जातं. पोकळ दातांचं यंत्र मातीच्या पुंगळ्या उपसून काढतं आणि जमिनीला हवा देतं. थर दीड-दोन इंचांचा असेल तर दंताळ्यापेक्षा हे आधी. आणि चौथं स्प्रिंगच्या दातांचं दंताळं. सगळ्यांत सौम्य, सगळ्यांत स्वस्त, आणि हाताने बनवता येण्याजोगं एकटं तेच. थर पाऊण-एक इंचापर्यंत असेल तर ते वर्षाआड एकदा पुरतं. दोन इंचांच्या गादीवर ते फिरवून काही होत नाही, वरचं वर खरवडल्यासारखं दिसतं एवढंच. हे न सांगता दंताळं विकणाऱ्यांचा मला राग आहे.

ट्रॅक्टरविषयी. तुमच्याकडे बसून गवत कापायचं साधं यंत्र असेल, तर मागे एक भोक आणि एक पिन एवढंच असतं. तिथे ओढायचं दंताळं लागतं, चाकांवर चालणारं, वर वजन ठेवायला ताटली असलेलं. इलिनॉयच्या सलिव्हन गावची अ‍ॅग्री-फॅब अशी ४० इंच रुंद, २० दातांची दंताळी बनवते. छोट्या लॉनला तेवढं पुष्कळ. पण तीन टोकांची जोडणी, ज्याला आपले ट्रॅक्टरवाले ‘थ्री पॉइंट’ म्हणतात, ती मागे असेल तर खरी मजा आहे, कारण वळताना बसल्या जागी दंताळं उचलता येतं.

ही जोडणी हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाची. त्याच्या आधी अवजार नुसतं साखळीने किंवा आकड्याने ओढत. नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो मागे उलटायचा आणि माणूस खाली सापडायचा. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडलं आणि ते हायड्रॉलिकने उचलायची सोय केली. १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरबरोबर ही पद्धत अमेरिकेत आली, आणि आज सांगलीतल्या रोटाव्हेटरपासून माझ्या मागच्या दंताळ्यापर्यंत सगळं त्याच तीन पिनांवर उभं आहे. छोट्या ट्रॅक्टरांना बहुतेक ‘कॅटेगरी वन’ची जोडणी असते: खालच्या पिना ७/८ इंच, वरची ३/४ इंच, खालच्या दोन दांड्यांमधलं अंतर सुमारे २६ इंच आणि वरची पिन त्यांच्यापासून सुमारे १८ इंच उंच. ही चार मापं भिंतीवर खडूने लिहून ठेवा. माझ्या पहिल्या सांगाड्यात वरची पिन दोन इंच खाली बसली होती आणि अवजार उचललं की ते कोंबड्यासारखं मान वाकडी करायचं.

एक गंमत म्हणून सांगतो. अमेरिकन अंगणांत छोट्या ट्रॅक्टरची हौस वाढवणारा कब कॅडेट १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने आणला. त्याच कंपनीबरोबर महिंद्राने १९६३ साली भागीदारी केली आणि त्यातून आलेला बी-२७५ आपल्या अनेकांच्या आजोबांनी बघितला आहे. पुढे १९९४ मध्ये महिंद्रा स्वतःच ट्रॅक्टर विकायला अमेरिकेत आली. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत लहानपणी वाचलेली ती अक्षरं ओहायोतल्या एका कोठाराबाहेर, बर्फात उभ्या ट्रॅक्टरवर दिसली तेव्हा मी गाडी थांबवली होती. विकत मात्र दुसरा घेतला; सर्व्हिसिंगचं दुकान जवळ होतं.

टायर बघून घ्या. शेताचे खोल नक्षीचे टायर ओल्या लॉनवर स्वतःच कुळवणी करतात; लॉनसाठी रुंद, उथळ नक्षीचे येतात.

आता बनवण्याकडे. पुस्तकाची पाच प्रकरणं यावर आहेत, पण ज्या तीन गोष्टी चुकल्या तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही, त्या इथेच सांगतो.

पहिली, दात. ते स्वतः वाकवायच्या फंदात पडू नका. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलर यंत्राचे, गवत उलथणाऱ्या यंत्राचे, किंवा दंताळ्याचेच सुटे दात दुकानात मिळतात. मधे दोन वेटोळी आणि दोन्हीकडे एकेक पाय, असा तो दिसतो. हे पाणी दिलेलं पोलाद असतं. आपला लोहार कुऱ्हाडीला पाणी देतो, ते उतरलं की धार टिकत नाही, हे आपल्याला माहीत आहे; स्प्रिंगचंही तसंच. दात सांगाड्याला वेल्डिंगने चिकटवलात तर तिथलं पाणी उतरतं आणि पहिल्या अडथळ्याला तो बरोबर वेल्डच्या कडेला तुटतो. म्हणून दात नेहमी बोल्टने कसायचा, मोठा वॉशर आणि लॉकनट घालून. आणि बसवताना दिशा बघायची. दात मागे ढकलला गेला की वेटोळं आवळलं गेलं पाहिजे. उलटा बसला तर प्रत्येक धक्क्याला ते उसवत राहतं आणि महिन्याभरात सैल पडतं किंवा मोडतं. हातात एक दात घ्या, पाय मागे रेटा आणि वेटोळ्याकडे बघा. डोळ्याला लगेच कळतं. याच कारणाने दात जमिनीला टेकलेले असताना ट्रॅक्टर कधीही मागे घ्यायचा नाही.

दुसरी, ओळी. एकाच ओळीत सगळे दात दाटीने लावले तर दहा पावलांत त्यांच्यात गवताची उशी तयार होते आणि मग दात नव्हे, ती उशीच लॉनवरून घसरत जाते. म्हणून तीन ओळी. माझं दंताळं ६० इंच रुंद आहे. दाताच्या दोन पायांत ३ इंचांचं अंतर. प्रत्येक ओळीत दर ६ इंचांवर एक असे १० दात लावले की त्या ओळीत दर ३ इंचांवर एक टोक येतं. दुसरी ओळ एक इंच सरकवायची, तिसरी आणखी एक इंच. एकूण ३० दात, ६० टोकं, आणि जमिनीवर दर इंचाला एक रेघ, तरीही कुठल्याही एका ओळीत गवत निघून जायला ३ इंचांची वाट मोकळी. ओळींमध्ये फूटभर अंतर ठेवा, नाही तर मागे वाकलेला पुढचा दात मागच्याच्या वेटोळ्यात अडकतो.

तिसरी गोष्ट वजनाची, आणि इथे माझ्यातला खटावकर अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. दोन इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, दोन इंची अँगलच्या तीन पट्ट्या, दात, मागची दोन चाकं मिळून अवजार सुमारे ७५ किलो भरतं. ६० टोकांवर वाटलं तर प्रत्येकी सव्वा किलो, आणि त्यातलंही काही चाकं उचलतात. बस्स, एवढंच लागतं. ट्रॅक्टरची लिफ्ट अवजाराला वर उचलते, पण खाली दाबत नाही; सोडल्यावर ते आपल्याच वजनाने टेकतं. मग मनात येतं, वर काहीतरी ठेवावं. ठेवू नका. दात कमी ओढतोय असं वाटलं तर दुसरी फेरी मारा, पहिलीला तिरकी. दाताचं टोक उभं किंवा किंचित मागे कललेलं असू द्या. पुढे कललेलं टोक फणासारखं स्वतःहून खाली शिरत जातं; शेतात तेच हवं असतं, इथे तोच घात.

खोली जुळवायची ती लॉनवर नाही, गॅरेजच्या सिमेंटच्या फरशीवर. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, दंताळं सोडा, आणि वरची दांडी फिरवून तिन्ही ओळी एकसारख्या टेकेपर्यंत जुळवा. ही दांडी आखूड केली की पुढची ओळ दबते आणि मागची उचलली जाते, लांब केली की उलट. मग मागची चाकं अशी बांधा की दातांची टोकं चाकांच्या पातळीपेक्षा फक्त पाव इंच खाली राहतील. त्यानंतर लॉनवर जा, वीस फूट चाला, उतरा, गुडघ्यावर बसा आणि बघा. वर आलेल्या काडीकचऱ्यात तपकिरी तंतू असावेत. पांढरी मुळं आणि माती दिसली तर वर घ्या. काही सुटलेलं नसेल तर आणखी पाव इंच खाली. वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका. आणि वळायच्या आधी उचला, प्रत्येक वेळी.

पाव एकरातून निघालेला ढीग पहिल्यांदा बघाल तेव्हा विश्वास बसणार नाही. आमच्याकडे कडब्याची छोटी गंजी झाली होती. ती कुजवायला टाकता येते, पण त्या हंगामात तणनाशक मारलेलं असेल तर ते खत भाजीच्या वाफ्यात घालू नका. माझे टोमॅटो एकदा पानं मुरडून बसले ते यामुळेच.

धोक्यांविषयी वेगळं प्रकरण आहे, तरी इथे एक घटना. दुसऱ्या वर्षी एक दात मोडला. आवाज आला नाही, मला कळलंही नाही. तीन आठवड्यांनी गवत कापताना पात्याखालून खाडकन आवाज झाला आणि तो तुकडा गॅरेजच्या पत्र्याच्या दारात, माझ्या मुलीच्या सायकलच्या वर हातभर अंतरावर, आरपार घुसला. मुलगी घरात होती. तेव्हापासून काम संपलं की मी ६० टोकं मोजतो. एकोणसाठ निघाली तर साठावं सापडेपर्यंत लोहचुंबकाची पट्टी लॉनवरून फिरवतो, जेवण थंड झालं तरी. याशिवाय पाण्याचे फवारे आणि कुत्र्यासाठी पुरलेली तार यांच्यावर आधी झेंड्या लावा, उतारावर आडवं जाऊ नका, सुरक्षा-कमान उभी ठेवा आणि पट्टा बांधा. फर्ग्युसनने ट्रॅक्टरचं मागे उलटणं कमी केलं. बाजूला कलंडणं अजून आपल्याच हातात आहे.

पुस्तकात काय नाही तेही सांगायला हवं. गोल्फच्या हिरवळीची देखभाल नाही, ते शास्त्र वेगळं आणि माझ्या आवाक्याबाहेरचं. किमती नाहीत, कारण लोखंडाचा भाव छापून होईपर्यंत बदलतो. मापं इंचांत आहेत, कारण इथल्या दुकानात पाइप आणि बोल्ट इंचांतच मिळतात. भारतात क्रिकेटच्या मैदानाची किंवा रिसॉर्टच्या लॉनची देखभाल करणाऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांनी मिलिमीटरचा तक्ता वापरावा. त्यांच्याकडे बहुतेक हरळीच असणार, म्हणून सहावं प्रकरण त्यांनी पहिल्यांदा वाचावं.

आभार मानायचे ते कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांचे. त्या पेरणीनंतर आठवड्याभराने ते बेलरचे बारा जुने दात डब्यात घालून घेऊन आले आणि काही न बोलता पायरीवर ठेवून गेले. पहिलं दंताळं त्या बारा दातांचं होतं. दोन हिवाळे गॅरेजमध्ये गाडी लावता आली नाही तरी बायकोने तक्रार केली नाही, हेही नोंदवतो.

आता एक विनंती. पहिल्या प्रकरणाकडे वळायच्या आधी स्वयंपाकघरातली जुनी सुरी घ्या, लॉनमध्ये जा, आणि तीन-चार ठिकाणी केकच्या तुकड्यासारखी तीन इंच खोल पाचर कापून वर काढा. हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर जो तपकिरी थर दिसेल तो बोटाने हलकेच दाबा आणि पट्टी लावून मोजा. पाचर परत जागेवर बसवून पायाने दाबा, ती जगते. मोजमाप अर्ध्या इंचाच्या आत आलं तर तुम्हाला हे अवजार नको आहे. पुस्तक कुणा गरजवंताला देऊन टाका आणि पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा मोजा.